‘स्टॉकर’ची कीर्ती : एक फेरतपासणी

सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ हा चित्रपट १९७९ साली पूर्ण झाला. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक नियतकालिकाने २०१२ मध्ये जगभरच्या समीक्षकांची मते मागवली, तेव्हा सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत त्याला २९ वे स्थान मिळाले. २०२२ च्या फेरीत तो समीक्षकांच्या यादीत ४३ वा आला. दिग्दर्शकांनी मात्र त्याच वर्षी त्याला १४ व्या स्थानावर बसवले. जेफ डायर या इंग्रज लेखकाने २०१२ मध्ये या एकाच चित्रपटावर अख्खे पुस्तक लिहिले. एवढी कीर्ती फार थोड्या विज्ञानपटांच्या वाट्याला आली आहे.

आणि तरीही, हा चित्रपट पाहून कंटाळलेल्या प्रेक्षकांची संख्या लहान नाही. विज्ञानकथा म्हणवणाऱ्या या चित्रपटात अवकाशयान नाही, अजब यंत्र नाही, परग्रहावरचा प्राणी नाही. तीन मध्यमवयीन पुरुष ओल्या गवतातून चालतात, बसतात, वाद घालतात, मध्येच झोपतात आणि परत येतात. सुमारे पावणेतीन तासांच्या या चित्रपटात शॉट जेमतेम १४२ आहेत. म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटाहून अधिक चालतो. ही कीर्ती खरी की एकमेकांच्या साक्षीने वाढत गेलेली, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला अरसिक म्हणून गप्प बसवणे योग्य नव्हे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी चित्रपटाच्या इतिहासात जावे लागते, कारण या कीर्तीत चित्रपटाबाहेरच्या पुष्कळ गोष्टी मिसळल्या आहेत.

प्रथम कथानक थोडक्यात. एका अनामिक देशात काही अनाकलनीय घटना घडून एक प्रदेश निर्मनुष्य झाला आहे. त्याला ‘झोन’ म्हणतात. सरकारने त्याभोवती पहारा बसवला आहे. झोनच्या मध्यभागी एक खोली असून तेथे पोचणाऱ्याची अंतरीची इच्छा पूर्ण होते, अशी वदंता आहे. पहारा चुकवून लोकांना तेथे नेणारा वाटाड्या तो स्टॉकर. तो एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन निघतो. तिघे खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पोचतात, आणि कोणीही आत पाऊल टाकत नाही.

मूळ कथा अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची. १९७२ मध्ये ‘अव्रोरा’ या नियतकालिकातून ती प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ ‘रस्त्याकडेची सहल’ असा. परग्रहवासी पृथ्वीवर क्षणभर थांबून निघून गेले. सहलीला आलेली माणसे रस्त्याकडेला डबे, कागद आणि उष्टे टाकून जातात तसा त्यांचा कचरा मागे राहिला, आणि माणसे त्या कचऱ्यापुढे रानातल्या किड्यामुंग्यांसारखी चकित झाली, ही तिची कल्पना. त्यातला स्टॉकर झोनमधल्या वस्तू चोरून विकणारा रांगडा तस्कर आहे. ‘स्टॉकर’ हा शब्द स्त्रुगात्स्की बंधूंना किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’ या पुस्तकावरून सुचला, असे बोरिस यांनी पुढे सांगितले आहे. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाच्या शाळकरी पोराचे टोपणनाव फिरत फिरत रशियन भाषेत रुळले, ही शब्दांच्या प्रवासातली एक गंमत. ही कादंबरी ग्रंथरूपाने यायला मात्र १९८० उजाडले. मधली आठ वर्षे प्रकाशनसंस्थेशी पत्रव्यवहार, आक्षेप आणि दुरुस्त्या यांत गेली.

आपल्या पिढीतील अनेकांनी सोव्हिएत देश पाहिला तो मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त मराठी पुस्तकांतून आणि गुळगुळीत कागदावरच्या सचित्र मासिकांतून. त्या मासिकांचे कागद शाळेच्या पुस्तकांना कव्हरे घालायला फार चांगले असत. त्यांत धरणे होती, ट्रॅक्टर होते, हसऱ्या कामगार स्त्रिया होत्या. ‘स्टॉकर’मध्ये त्याच देशाची दुसरी बाजू दिसते : गंजलेले रूळ, फुटक्या फरशा, बंद पडलेले जलविद्युत केंद्र, पाण्यावर तरंगणारा फेस. आश्चर्य असे की हा चित्रपटही सरकारी पैशानेच निघाला. मोसफिल्म हा सरकारी स्टुडिओ, आणि त्यावर गोस्किनो ही राज्य चित्रपट समिती.

निर्मितीची हकीकत चित्रपटाइतकीच प्रसिद्ध आहे. चित्रण ताजिकिस्तानातील इस्फारा भागात व्हायचे होते. १९७७ च्या जानेवारीअखेर तेथे भूकंप झाला आणि जागा बदलावी लागली. एस्टोनियात, तालिनजवळ यागाला नदीकाठची पडकी वीजकेंद्रे निवडण्यात आली. तेथे १९७७ मध्ये झालेले बाह्यचित्रण प्रयोगशाळेतून धुऊन आले ते निरुपयोगी ठरले. फिल्म परदेशी बनावटीची, कोडॅकची होती. ती धुण्याच्या प्रक्रियेत चूक झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दोष प्रयोगशाळेचा, फिल्मचा की छायालेखकाचा, यावर तेव्हा वाद झाला आणि तो पुढेही संपला नाही. परिणाम मात्र एकाच माणसाने भोगला. तार्कोव्हस्कींच्या ‘आरसा’ या चित्रपटाचे अप्रतिम छायालेखन करणारे गेओर्गी रेरबर्ग यांना काम सोडावे लागले. त्यांच्यानंतर लिओनिद कलाश्निकोव्ह आले आणि गेले. अखेर अलेक्सांद्र क्न्याझिन्स्की यांनी चित्रपट पुरा केला. १९७८ च्या एप्रिलमध्ये दिग्दर्शकाला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरून त्यांनी जवळजवळ सगळा चित्रपट पुन्हा चित्रित केला.

ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले, त्याला या हकीकतीत एक ओळखीची जागा दिसते. मंजूर रक्कम खर्च झालेली, हाती काही नाही, मुदत संपत आलेली. अशा वेळी जुन्याच कामासाठी पुन्हा पैसे मागितले तर फाइल परत येते. तार्कोव्हस्कींनी चित्रपट दोन भागांचा करण्याचा प्रस्ताव मांडला. दोन भागांचा चित्रपट म्हणजे नवे अंदाजपत्रक आणि नवी मुदत. प्रस्ताव मान्य झाला. ज्या गोस्किनोला चरित्रकार सरसकट खलनायक ठरवतात, तिच्याच कोणा अधिकाऱ्याने त्या टिपणावर मंजुरीची सही केली आहे. त्या यंत्रणेने तार्कोव्हस्कींना छळले हे खरे. १९६६ मध्ये तयार झालेला त्यांचा ‘आंद्रेई रुब्ल्योव्ह’ देशातल्या प्रेक्षकांसमोर यायला १९७१ साल उजाडले. पण प्रेक्षागृहात किती लोक येतील याचा हिशेब करणारा कोणताही खासगी निर्माता हा चित्रपट दुसऱ्यांदा काढू देता का, हा प्रश्न उरतोच. सोव्हिएत संघात ‘स्टॉकर’ची सुमारे ४३ लाख तिकिटे विकली गेली. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल. परंतु त्याच सुमाराच्या ‘मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाही’ या चित्रपटाची तिकिटे ८ कोटींहून अधिक खपली होती.

या दुसऱ्या चित्रणाचा कथेवरही परिणाम झाला. स्त्रुगात्स्कींनी पटकथा पुनःपुन्हा लिहिली, आणि अखेरच्या खर्ड्यात रांगडा तस्कर जाऊन त्याच्या जागी एक भाबडा, दुबळा, श्रद्धावान माणूस आला. परग्रहवासीयांचा कचरा गेला, चमत्कारिक वस्तू गेल्या. विज्ञानकथेचा जवळजवळ सगळा साज उतरला. हे सारे पहिले चित्रण वाया गेल्यामुळेच घडले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या सक्तीच्या खंडाने विचाराला अवधी दिला, एवढे नक्की.

आता कीर्तीचे आधार एकेक करून तपासू.

पहिला आधार भविष्यवाणीचा. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. प्रिप्यात हे शहर रिकामे झाले, ३० किलोमीटर त्रिज्येचा निषिद्ध प्रदेश आखला गेला, आणि त्यालाही ‘झोन’ हेच नाव पडले. पुढे त्या झोनमध्ये चोरून शिरणारे लोक स्वतःला ‘स्टॉकर’ म्हणवू लागले. २००७ मध्ये तर या दोहोंची सांगड घालून संगणकावरचा एक खेळही निघाला. चित्रपटात प्राध्यापक आपला बाँब ‘चौथ्या बंकर’मध्ये सापडल्याचे सांगतो, यावरही पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. साम्य अंगावर काटा आणणारे आहे, परंतु साम्य म्हणजे भाकीत नव्हे. २९ सप्टेंबर १९५७ रोजी उरल भागातील मायाक येथे किरणोत्सारी कचऱ्याची टाकी फुटून मोठा मुलूख निषिद्ध झाला होता, आणि सरकारने ती गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ कबूल केली नव्हती. बंद शहरे, नकाशावर नसलेल्या जागा आणि कोणी काही न विचारण्याची सवय हे त्या देशाचे वर्तमानच होते. कलावंताने वर्तमान डोळे उघडे ठेवून पाहिले, तर ते पुढे भविष्यासारखे दिसते.

शिवाय साम्याचाच न्याय लावायचा तर हा चित्रपट भोपाळचेही भाकीत मानावा लागेल. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री वायू सुटल्यानंतर तो कीटकनाशकांचा कारखाना बंद पडला. गंजलेल्या टाक्यांभोवती गवत माजले. तेथील सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला, आणि तो आला आम्हा इंदूरकरांच्या शेजारी, पीथमपूरला. माणसाने बिघडवून सोडून दिलेल्या जागा जगभर सारख्याच दिसतात. ‘स्टॉकर’ने त्या जागांचे रूप पकडले, हे श्रेय त्याला द्यावे. चेर्नोबिल आधी कळल्याचे श्रेय देऊ नये.

दुसरा आधार हौतात्म्याचा. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रासायनिक कारखान्यातून विषारी पाणी सोडले जात होते. ध्वनिमुद्रक व्लादिमिर शारून यांनी पुढे सांगितले की त्या पाण्यातल्या दिवसांनीच कित्येकांचा घात केला. लेखकाची भूमिका करणारे अनातोली सोलोनित्सिन १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. वय अवघे ४७. तार्कोव्हस्की त्याच रोगाने २९ डिसेंबर १९८६ रोजी पॅरिसमध्ये गेले, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. सहायक दिग्दर्शिका म्हणून काम केलेल्या त्यांच्या पत्नी लारिसा यांचाही १९९८ मध्ये कर्करोगानेच अंत झाला. हे मृत्यू त्या नदीमुळेच झाले असे सिद्ध झालेले नाही आणि आता होण्यासारखेही नाही. पण समजा, तसेच असेल. तर ती दुःखाची आणि कदाचित बेपर्वाईची गोष्ट आहे. ती चित्रपटाच्या मोठेपणाचा पुरावा कशी होईल? कलावंताने सोसले म्हणून कृती थोर, ही समजूत आपल्याकडेही फार खोल रुजली आहे. तिचा एक दुष्परिणाम असा, की ज्यांचे सोसणे आख्यायिकेत बसत नाही ते विसरले जातात. रेरबर्ग यांचे नाव श्रेयनामावलीत नाही. त्यांची बाजू मांडणारा माहितीपट २००९ साली आला, तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. सोसण्याचे श्रेय वाटायचेच असेल, तर त्यांच्या वाट्यालाही काही यायला हवे.

तिसरा आधार तत्त्वचिंतनाचा, आणि येथे विरोधकांची बाजू पुष्कळ बळकट आहे. लेखक आणि प्राध्यापक यांचे संवाद प्रतिभा, विज्ञान, निःस्वार्थता अशा विषयांवर लांबत जातात. त्यांतले काही खोल आहेत, काही केवळ लांब आहेत. नामधारी माणसांऐवजी ‘लेखक’ आणि ‘प्राध्यापक’ अशी बिरुदे बोलू लागली की नाट्य पातळ होते. हीच मते एखाद्या अनोळखी दिग्दर्शकाच्या चित्रपटात ऐकली असती, तर आपण त्यांना एवढा मान दिला असता का, हे प्रत्येकाने मनाशी पडताळावे.

मग उरते काय? माझ्या मते सर्वात मोलाचे तेच उरते. आणि ज्या संथपणाबद्दल तक्रार आहे, त्यातच ते आहे.

ग्वाल्हेरच्या गायकीवर कान तयार झालेल्या घरांत हा मुद्दा फार फोडून सांगावा लागू नये. विलंबित लय म्हणजे नुसता उशीर नव्हे. त्या लयीत आत काही वाढत असेल तर ती विलंबित. वाढत नसेल तर गाणारा दमला, एवढेच. संथ चित्रपटालाही हीच कसोटी लावावी. तिघे झोनमध्ये शिरतात तो प्रवास पाहा. रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीवर ते बसले आहेत. कॅमेरा तीनचार मिनिटे एकेकाच्या डोक्याला आणि चेहऱ्याला चिकटून राहतो. बाजूचा प्रदेश धूसर सरकत जातो. सुरुवातीला चाकांचा खडखडाट हा नुसता खडखडाट असतो. हळूहळू त्यात प्रतिध्वनी मिसळतो, मग तो आवाज लोखंडाचा राहत नाही. डोळ्यांना काही कळण्याआधी कानांना सीमा ओलांडल्याचे कळते. त्यानंतर तपकिरी चित्र एकाएकी रंगीत होते आणि समोर केवळ हिरवे गवत असते. दुसऱ्या कोणी हेच काम विजेच्या लोळाने केले असते. येथे ते आपल्या वाट पाहण्याने होते. एदुआर्द आर्तेम्येव्ह यांच्या संगीतातही अविचल आधारस्वरावर ‘तार’ हे अझरबैजानी वाद्य आणि बासरी सावकाश फिरतात. आपल्या कानांना तानपुऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरे उदाहरण नटांचे. वाट सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी स्टॉकर लोखंडी नटाला कापडाची पट्टी बांधून पुढे फेकतो, मग एकेकाला त्या दिशेने पाठवतो. कादंबरीत या युक्तीला अर्थ आहे, कारण तेथे गुरुत्वाकर्षणाचे जीवघेणे सापळे खरोखरच आहेत. चित्रपटात नट गवतात पडतो आणि काहीच होत नाही. एकदा लेखक सरळ वाटेने खोलीकडे निघतो, तेव्हा एक आवाज त्याला थांबवतो. तो आवाज कोणाचा, हे कळत नाही. धोका खरा आहे की वाटाड्याच्या मनात आहे, हे अखेरपर्यंत उलगडत नाही. प्रेक्षकाला तिघांइतकीच माहिती मिळते आणि तिघांप्रमाणेच ठरवावे लागते : या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही. भराभर घटना घडत असत्या तर हा प्रश्न पडायला सवडच मिळाली नसती. संथपणाचे येथे काम आहे.

हाच प्रश्न उंबरठ्यावर टोकाला पोचतो. स्टॉकरच्या गुरूचे टोपणनाव ‘साळिंदर’. तो खोलीत गेला होता आपल्या मेलेल्या भावाचे प्राण मागायला. परत आल्यावर त्याला भाऊ मिळाला नाही, अमाप पैसा मिळाला. आणि त्याने गळफास घेतला. खोली ओठांवरची इच्छा पुरवत नाही, मनाच्या तळची पुरवते. हे कळल्यावर आत कोण जाईल? प्राध्यापक सोबत आणलेला बाँब सुटा करून पाण्यात टाकतो, तिघे जमिनीवर बसून राहतात, आणि खोलीच्या फरशीवर पाऊस पडू लागतो. आपली खरी इच्छा काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, या भीतीला एवढी नेमकी जागा दुसऱ्या कोणत्या विज्ञानपटाने दिल्याचे मला स्मरत नाही. येथे संवाद जवळजवळ नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ज्या जागी चित्रपट बोलणे थांबवतो, त्याच जागी तो सर्वात अधिक सांगतो.

आणि मग स्टॉकरची पत्नी. ही भूमिका लेनिनग्राडच्या रंगभूमीवरील विख्यात अभिनेत्री अलिसा फ्रेइंदलिख यांनी केली आहे. थकून भागून परतलेल्या नवऱ्याला ती झोपवते, आणि नंतर सरळ आपल्याकडे, कॅमेऱ्याकडे पाहून बोलते. याच्याशी लग्न केले तर आयुष्यभर दुःखच पदरी येईल हे तिला माहीत होते. आईनेही बजावले होते. तरी ती आली, आणि तिला पश्चात्ताप नाही. दोन पंडितांनी अडीच तास ज्या श्रद्धेची चिरफाड केली, ती श्रद्धा या बाईने स्वयंपाक, आजारी मूल आणि पोलिसांची भीती सांभाळून जगून दाखवली आहे. तिने कोणत्याही खोलीकडे काही मागितलेले नाही. आपापल्या आजी-पणजींच्या कहाण्या, परमुलखात नव्याने मांडलेल्या संसारांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. मात्र एक शंका नोंदवली पाहिजे. स्त्रीच्या सोशिकतेला इतके सुंदर करून दाखवणे सोयीचे असते, विशेषतः घर सोडून झोनकडे धावणाऱ्या पुरुषांना. फ्रेइंदलिख यांच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा या सोयीला पुरती शरण जात नाही, म्हणून तो प्रसंग टिकतो.

१९८० च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेबाहेर, आगाऊ नाव न जाहीर करता दाखवला गेला आणि त्याला ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त परीक्षकमंडळाचा पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये तार्कोव्हस्कींनी मायदेशी न परतण्याचा निर्णय जाहीर केला. ‘स्टॉकर’ हा त्यांचा मायभूमीवर केलेला शेवटचा चित्रपट ठरला. सुरुवात फारच संथ आहे, असा आक्षेप गोस्किनोच्या बैठकीत आला, तेव्हा ती आणखी संथ हवी होती, म्हणजे चुकून आलेल्यांना वेळेत उठून जाता येईल, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. उत्तर बाणेदार खरे, पण त्यातला तोरा मला खटकतो. उठून जाणारा प्रेक्षक चुकूनच आलेला असतो असे नाही. कधी कधी त्याला द्यायचे ते कलावंताकडून दिले गेलेले नसते. आणि ‘स्टॉकर’च्या मधल्या भागात अशी काही मिनिटे निश्चित आहेत.

तेव्हा निर्णय असा. भविष्यवाणीच्या नावावर जमा असलेली कीर्ती वजा करावी. हौतात्म्याच्या नावावरचीही वजा करावी, आणि त्या जागी तीन छायालेखकांची नावे एकत्र लिहावीत. लांबलेल्या संवादांसाठी काही कापून घ्यावे. एवढी वजाबाकी करूनही ट्रॉलीवरची ती चार मिनिटे, गवतात पडणारा नट, उंबरठ्यावरचा पाऊस आणि त्या बाईचा चेहरा शिल्लक राहतो. कीर्तीला एवढे भांडवल पुरेसे आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी या चार जागांसाठी तो एकदा पाहावा, आणि मध्ये कंटाळा आला तर त्याची लाज बाळगू नये.